मिनगुट आणि तीनधारी

दख्खनच्या पठारावर पाऊस चार महिने हजेरी लावतो आणि उरलेले आठ महिने जमीन केवळ साठवलेल्या ओलाव्यावर तग धरून राहते. अशा या मुलुखात शेतांच्या बांधांवर, गावठाणांच्या हद्दींवर, पडक्या गढ्यांच्या तटांवर आणि खडकाळ टेकड्यांच्या उतारांवर हिरव्या, मांसल आणि काटेरी अशा ज्या झुडपांच्या रांगा दृष्टीस पडतात, त्या सर्वांना आपण सरसकट 'निवडुंग' म्हणतो आणि बहुधा आपली जिज्ञासा तेथेच विराम पावते. वस्तुतः या एका नावाच्या आश्रयाला ज्या वनस्पती आल्या आहेत, त्यांपैकी काहींचा परस्परांशी दूरान्वयानेही संबंध नाही. आणि ज्यांचा अगदी निकटचा संबंध आहे, त्यांनी अवर्षणाच्या एकाच संकटावर योजलेले उपाय इतके भिन्न आहेत की त्यांचे नाते केवळ बाह्य रूपावरून ध्यानात येऊ नये. अशा दोन निकटच्या आप्तांचा, म्हणजे वई-निवडुंग अथवा काटेथोर या नावांनीही ओळखल्या जाणाऱ्या मिनगुटाचा आणि तीनधारी निवडुंगाचा, तौलनिक विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम एका उपऱ्याला बाजूस सारणे अवश्य आहे. हिरव्या चपट्या फड्या एकीवर एक रचल्यासारखा दिसणारा आणि तांबडी बोंडे धरणारा फड्या निवडुंग हा मूळचा या देशाचा नव्हे. तो अमेरिका खंडातून परदेशी व्यापाराच्या ओघात येथे आला, येथील उजाड जमिनीवर झपाट्याने पसरला, आणि दक्षिण हिंदुस्थानात तर त्याचा उपद्रव एवढा वाढला की त्याला खाऊन फस्त करणारा एक पिठ्या किडा 1926 साली मुद्दाम आणून सोडावा लागला. त्याची फांदी मोडली असता बुळबुळीत रंगहीन रस निघतो, त्याचे काटे एकेका ठिपक्यातून झुबक्याने उगवतात, आणि त्याचे फूल मोठे, पाकळ्यांनी भरलेले व लांबून दिसणारे असते. मिनगुट किंवा तीनधारी यांची फांदी नखाने नुसती खरवडली तरी दाट पांढरे दूध टपकू लागते, काटे नेमाने जोडीजोडीने येतात, आणि फूल शोधण्यासाठी डोळे जवळ न्यावे लागतात. पृथ्वीच्या दोन गोलार्धांत, दोन सर्वस्वी वेगळ्या कुलांनी, तहानेच्या एकाच सक्तीखाली जवळजवळ एकच रूप धारण करावे, ही घटना विलक्षण खरी. परंतु रूपसाम्य म्हणजे रक्ताचे नाते नव्हे, आणि फड्याचा विचार एवढ्यावरच सोडून देणे योग्य.

मिनगुट आणि तीनधारी ही दोन्ही एरंडकुलातील होत. या कुलाचा विस्तार फार मोठा आहे. परसातला एरंड, कुंपणाचा मोगली एरंड, ज्याच्या कंदापासून साबुदाणा करतात तो टॅपिओका आणि ज्याच्या चिकावर मोटारींची चाके धावतात तो रबराचा वृक्ष ही सर्व याच घराण्यातील मंडळी. त्यातही युफोर्बिया ही प्रजाती एकटीच सुमारे 2000 जातींची आहे. पावसाळ्यात फरसबंदीच्या फटींतून पसरणाऱ्या इवल्याशा दुधीपासून नाताळात बाजारात मिरवणाऱ्या तांबड्या पॉइनसेटियापर्यंत सर्व काही तिच्यात सामावलेले आहे. मिनगुटाचे शास्त्रीय नाव युफोर्बिया नेरिइफोलिया आणि तीनधारीचे युफोर्बिया अँटिकोरम. दोन्ही नावे लिनिअसने 1753 साली एकाच ग्रंथात नोंदविली, आणि तेव्हापासून वनस्पतिशास्त्राच्या दप्तरात ही दोन्ही शेजारी शेजारी नांदत आहेत.

आता मिनगुटाच्या झाडासमोर जाऊन उभे राहावे. ते पुरुषभर उंचीपासून वीस फुटांपर्यंत वाढते. जुने खोड गोल होऊन त्यावर करड्या रंगाची जाड साल धरते, परंतु वरच्या फांद्या हिरव्या, रसरशीत आणि अंगठ्याहून जाड असतात. फांदी हातात न धरता केवळ नजरेने तिच्याभोवती फिरावे, म्हणजे तिच्यावर लहान लहान उंचवट्यांच्या पाच रांगा दिसतात. या रांगा सरळ उभ्या नसून किंचित पीळ घेत वर चढतात, त्यामुळे फांदी धड गोल नाही आणि धड पाचकोनीही नाही, अशी भासते. प्रत्येक उंचवट्यावर काळपट तपकिरी अशा दोन आखूड काट्यांची जोडी असते आणि त्या दोन काट्यांच्या बरोबर मध्ये गळून गेलेल्या पानाचा वण असतो. शेंड्याकडे मात्र पाने अजून शाबूत असतात. ती वीतभर लांबीपर्यंत वाढणारी, टोकाकडे रुंद व देठाकडे निमुळती, जाडसर आणि गुळगुळीत असून पावसाळ्यात त्यांचा असा भरगच्च तुरा फांदीच्या अग्रावर येतो की लांबून पाहणाऱ्यास हे झाड काटेरी आहे याचा क्षणभर विसर पडावा. पुढे थंडी सरते, हवा कोरडी पडते आणि एकेक पान पिवळे होऊन गळते. उन्हाळ्यात मिनगुट निष्पर्ण होऊन नुसत्या हिरव्या दांड्यांवर उभे असते.

तीनधारीकडे वळले की प्रथम जाणवतो तो पानांचा अभाव. कोवळ्या शेंड्यावर नखाएवढी पाने येतात खरी, परंतु ती इतक्या लवकर झडतात की वर्षाचा बहुतेक काळ त्यांचा मागमूसही राहत नाही. त्यांच्या ऐवजी फांदीनेच आपले रूप पालटले आहे. ती तीन रुंद, पातळ, पंखांसारख्या धारांची बनलेली असते. क्वचित चार किंवा पाच धाराही आढळतात, परंतु तीन हाच सामान्य नियम. या धारांच्या कडा सरळ नसून लाटांप्रमाणे वरखाली होतात आणि प्रत्येक लाटेच्या माथ्यावर तीच काट्यांची जोडी उभी असते. फांदी ठिकठिकाणी आवळल्यासारखी दिसते, जणू प्रत्येक हंगामाच्या वाढीने आपली मर्यादा स्वतःच आखून ठेवली आहे. एकंदर झाड मेणबत्त्यांच्या झाडासारखे वर वर फांद्या उचलून धरते. आपल्याकडे ते रानापेक्षा कुंपणात अधिक भेटते. दक्षिणेकडे कर्नाटक व तामिळनाडू यांच्या कोरड्या झुडपी रानांत मात्र ते आपल्या स्वाभाविक बहरात पाहावयास मिळते.

या दोहोंतील भेद इतका ठळक असता त्यांना निकटचे आप्त का म्हणावे, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे पहिले उत्तर त्या काट्यांच्या जोडीतच आहे. बाभळीचे लांब पांढरे काटे ज्याप्रमाणे उपपर्णांचे रूपांतर होत, त्याचप्रमाणे मिनगुट आणि तीनधारी यांचे काटेही पानाच्या देठाच्या दोन बाजूंस जी उपपर्णे असावयाची त्यांचेच अवशेष आहेत. मिनगुटात त्या दोन काट्यांच्या मध्ये पान प्रत्यक्ष दिसते. तीनधारीत ते जन्मताच नाहीसे झालेले असते, परंतु काटे आपल्या जागी पहारा देत राहतात आणि तेथे कधी काळी पान होते याची साक्ष देतात. मिनगुटाच्या उंचवट्यांच्या पाच पीळदार रांगा सरळ करून, त्यांची संख्या तीनवर आणून, उंचवटे एकमेकांत मिसळून जाईपर्यंत वर ओढले, तर तीनधारीची धार तयार होईल. म्हणजे दोघांच्या शरीराचा मूळ आराखडा एकच असून, एकाने पानाचा कारभार चालू ठेवला आणि दुसऱ्याने तो कारभार बंद करून सर्व अधिकार खोडाकडे सोपविला, एवढाच काय तो फरक होय. तथापि हा फरक केवळ दिखाऊ नाही. त्यामागे पाण्याच्या जमाखर्चाचा कठोर हिशेब आहे.

हिरव्या वनस्पतीला अन्न तयार करण्यासाठी हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू आत घ्यावा लागतो. तो घेण्यासाठी तिने आपली सूक्ष्म रंध्रे उघडली की त्याच वाटेने आतील पाणी बाष्परूपाने निसटू लागते. पान हे जितके पातळ आणि पसरट तितके अन्ननिर्मितीस सोयीचे, परंतु तितकेच उधळेही. मिनगुटाने यावर काढलेला तोडगा ऋतुमानाशी जुळवून घेणारा आहे. पावसाळ्यात पाण्याची ददात नसते, तेव्हा मोठी पाने पसरून झपाट्याने मिळकत करून घ्यावी; पाणी तुटले की पाने टाकून द्यावीत आणि हिरव्या खोडाच्या मर्यादित उत्पन्नावर उन्हाळा काढावा. तीनधारीने हा मोसमी धंदाच नाकारला. त्याच्या खोडाला त्रिकोणी धारा असल्यामुळे हिरवा पृष्ठभाग वाढतो. एक धार दुसरीवर सावली धरते. आणि पाऊस पडला की त्या धारा पेटीच्या भात्याप्रमाणे फुगून पाणी साठवतात, तर कोरड्या दिवसांत आतल्या आत मिटत जातात, तरी सालीला तडा जात नाही. पान नसल्यामुळे पावसाळ्यातील मोठी मिळकत त्याला साधत नाही हे खरे, परंतु वर्षाच्या बाराही महिन्यांत त्याची पेढी कधी बंद पडत नाही.

अशा मांसल खोडांच्या अंतर्गत व्यवहारात आणखी एक नवल आहे. त्यांची रंध्रे दिवसा मिटलेली असतात आणि रात्री, हवा थंड असताना, उघडतात. रात्री घेतलेला वायू आम्लाच्या रूपाने पेशींत साठवला जातो आणि दुसऱ्या दिवशी सूर्यप्रकाशात, दारे बंद ठेवून, त्यापासून साखर बनविली जाते. या व्यवहाराचा सुगावा लागण्याचे श्रेय ज्या निरीक्षणाला जाते, ते आपल्याच देशात घडलेले आहे, याचा उल्लेख करताना मला विशेष समाधान वाटते. कंपनी सरकारच्या काळात दक्षिणेत वास्तव्य केलेल्या बेंजामिन हाइने या वनस्पतिज्ञाने पानफुटीचे पान सकाळी चघळून पाहिले तेव्हा ते आंबट लागले, दुपारी तेच बेचव झाले आणि सायंकाळी त्यास किंचित कडवट चव आली. हा वृत्तान्त त्याने 1813 साली पत्राने लंडनला कळविला. एका पानाच्या चवीत दिवसभरात होणारा हा पालट नोंदून ठेवण्याइतकी चिकाटी त्याच्यापाशी होती म्हणून पुढील पिढ्यांना त्या आम्लाचा माग काढता आला. आपल्याकडील तिसरा भाऊबंद जो पेन्सिलीसारख्या बारीक फांद्यांचा शेर, त्याच्या बाबतीत तर प्रयोगांनी असे सिद्ध झाले आहे की त्याची अल्पायुषी इवली पाने सामान्य वनस्पतींप्रमाणे दिवसा वायू घेतात आणि त्याच झाडाचे हिरवे खोड मात्र रात्रीचा मार्ग अनुसरते. एकाच देहात दोन पद्धती नांदू शकतात हे एकदा ध्यानात आले, म्हणजे पान ठेवणारे मिनगुट आणि पान सोडणारा तीनधारी हे एकाच वाटेवरील दोन मुक्काम वाटू लागतात.

दोघांच्या नात्याचा निर्णायक दाखला मात्र फुलात आहे, आणि येथे वाचकाने थोडे थांबावे अशी माझी विनंती आहे. कारण या प्रजातीच्या फुलाइतकी फसवी आणि तितकीच सुंदर रचना आपल्या रानात क्वचितच दुसरी असेल. काट्यांच्या जोडीच्या लगत, आखूड देठावर, तीन तीन पिवळसर पेल्यांचा लहानसा घोस येतो. एकेक पेला हरभऱ्याच्या दाण्याएवढा. त्याच्या काठावर पाच जाडसर, मांसल ग्रंथी बसविलेल्या असतात आणि त्यांवर मधाचा पातळ थर चकाकतो. मुंग्या, माश्या आणि मधमाश्या तेथे गर्दी करतात ती याचसाठी. पेल्याच्या आत पाहावे तर पुष्कळ पुंकेसर आणि मध्यभागी तीन कप्प्यांचा एक अंडाशय. कोणीही म्हणेल की हे एक फूल आहे. लिनिअसने तसेच मानले आणि बारा पुंकेसरांच्या वर्गात या प्रजातीची स्थापना केली.

पण प्रत्येक पुंकेसराच्या दांडीकडे भिंगातून पाहिले तर तिच्या मध्यावर एक अस्पष्ट सांधा दिसतो. फुलाच्या पुंकेसराला असा सांधा असण्याचे काही कारण नाही. सांधा असतो तो फुलाच्या देठावर, जेथे फूल देठापासून अलग होते तेथे. रॉबर्ट ब्राउन या स्कॉटिश वनस्पतिज्ञाने 1814 साली या सांध्याचा अर्थ उलगडला. त्याचे म्हणणे असे की सांध्याच्या खाली आहे तो देठ आणि वर आहे ते एका पुंकेसराइतके संकोचलेले, पाकळ्या आणि निदले टाकून दिलेले संपूर्ण नर-फूल. मध्यभागीचा तीन कप्प्यांचा अंडाशय हे एकटे मादी-फूल. आणि भोवतीचा पेला म्हणजे या सर्व कुटुंबाला वेढणाऱ्या पानांची भिंत. म्हणजे जे एक फूल वाटत होते तो एक अख्खा पुष्पगुच्छ आहे. ही रचना मिनगुटात जशी आहे तशीच तीनधारीत, तशीच दुधीत आणि तशीच पॉइनसेटियात. पानांनी, काट्यांनी आणि खोडांनी कितीही वेगळे वेष धारण केले तरी हा पेला बदलत नाही. सूक्ष्म फरक असतात. मिनगुटाच्या पेल्यावर कधी तांबूस झाक येते, तर तीनधारीचा पेला हिरवट-पिवळा असतो. परंतु तीनांच्या घोसातील मधला पेला बहुधा केवळ नर-फुलांचा आणि बाजूचे दोन नर-मादी अशी मांडणी दोघांतही आढळते. बहुतेक पेल्यांत मादी-फूल आधी उमलते आणि नर-फुले मागाहून, त्यामुळे एका पेल्याचे पराग त्याच पेल्यात वाया जात नाहीत. फळ तीन कप्प्यांचे असते. ते वाळले म्हणजे कप्पे तडकून बिया दूर उडतात, आणि एरंडाच्या फळाशी असलेले त्याचे साम्य कोणाच्याही ध्यानात यावे.

युरोपास या झाडांची सविस्तर ओळख झाली ती ज्या ग्रंथाने, त्याच्याशी कोंकणी वैद्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. डचांचा मलबारातील सुभेदार हेन्द्रिक व्हान ऱ्हीड याने कोचीन येथे वनस्पतींची माहिती जमवून 'होर्तुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करविला. तो 1678 ते 1693 या काळात आम्स्टरडॅम येथे छापला गेला. या कामी त्याला मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन याचे साहाय्य मिळाले, तसेच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांचेही. या तिघांनी आपल्या कामाची ग्वाही देणारा जो मजकूर एप्रिल 1675 मध्ये लिहून दिला, तो कोंकणी भाषेत व नागरी लिपीत असून पहिल्या खंडात समाविष्ट आहे. ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात 'कळ्ळी' या नावाची तीन झाडे एकापाठोपाठ एक चित्रांसह येतात: शदिद कळ्ळी, म्हणजे आपला तीनधारी, एल कळ्ळी, म्हणजे पानांची कळ्ळी, मिनगुटाच्या गटातील, आणि तिरु कळ्ळी, म्हणजे शेर. शेराच्या शास्त्रीय नावात ही 'तिरुकळ्ळी' आजही कायम आहे. ज्या वैद्यांचा औषधासाठी या झाडांशी रोजचा संबंध होता, त्यांनी पाने असलेले, पाने नसलेले आणि काटे नसलेले असा भेद आधीच करून ठेवला होता. लिनिअसला पुढे नावे देताना या खंडाचा आधार घ्यावा लागला.

तीनधारीला 'अँटिकोरम', म्हणजे 'प्राचीनांचा', असे विशेषण लावताना मात्र लिनिअसचा अंदाज चुकला. मॉरेतानियाचा राजा युबा याने अ‍ॅटलास पर्वतात सापडलेल्या एका दुधाळ वनस्पतीस आपला वैद्य युफोर्बुस याचे नाव दिले, असे प्लिनीने लिहून ठेवले आहे. तिच्या वाळलेल्या चिकाला युफोर्बियम म्हणत आणि तो शतकानुशतके युरोपच्या औषधी बाजारात विकला जाई. ती प्राचीनांची वनस्पती म्हणजेच हा हिंदुस्थानी तीनधारी असावा, असा समज त्या काळी होता. वास्तविक तो चीक मोरोक्कोतील एका चौधारी, बुटक्या जातीचा. तिचे शास्त्रीय वर्णन 1863 साली झाले. तोवर आपल्या तीनधारीच्या नावावर परमुलखातील झाडाची कीर्ती जमा होऊन गेली होती आणि नामकरणाच्या नियमानुसार ती आता पुसताही येत नाही.

या दोन्ही झाडांचे दूध हा तर स्वतंत्र प्रकरणाचा विषय व्हावा. ते ज्या नळ्यांतून वाहते त्या नळ्या म्हणजे अनेक पेशी जोडून झालेल्या वाहिन्या नव्हेत. बीजातील गर्भातच ठरलेल्या थोड्याशा पेशी झाडाबरोबर वाढत, फाटे फोडत, शेंड्यापासून मुळापर्यंत पोहोचतात. वनस्पतिसृष्टीतील सर्वांत लांब पेशींत त्यांची गणना होते. त्यामुळे फांदीला कोठेही जखम झाली की सर्व बाजूंनी दूध धावून येते, हवेत दाटते आणि जखमेवर खपली धरते. शेळी ज्या झाडाला सोडीत नाही असे झाड विरळा, पण या दोहोंना ती सहसा तोंड लावीत नाही, याचे कारण काटे हे अर्धेच होय. उरलेले अर्धे कारण या दुधात आहे. त्वचेवर पडले तर आग होऊन फोड उठतात, आणि डोळ्यात एक थेंब उडाला तर प्रारंभी किंचित चुरचुरून काही तासांनी असह्य वेदना, सूज आणि दृष्टीला अंधुकपणा येतो. कुंपण छाटणाऱ्याने कोयता चालवताना वाऱ्याच्या दिशेकडे पाठ करावी, आणि दुर्दैवाने दूध डोळ्यात गेलेच तर स्वच्छ पाण्याने डोळा पुष्कळ वेळ धुऊन तत्काळ नेत्रवैद्याकडे जावे. या बाबतीत मिनगुट आणि तीनधारी यांच्यात सौम्य कोणी नाही.

इतक्या उग्र पदार्थाला आयुर्वेदाने औषधात स्थान दिले ते मोठ्या सावधगिरीने. चरकसंहितेने तीव्र विरेचक द्रव्यांत स्नुही या नावाच्या दुधाळ, काटेरी थोराच्या दुधाला अग्रस्थान दिले. परंतु कल्पस्थानात तिच्यासाठी जे स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे, त्यात दुर्बळ रोग्याला हे औषध देऊ नये, असा स्पष्ट इशारा आहे. त्याच प्रकरणात स्नुहीचे दोन प्रकार सांगितले आहेत: एकाला थोडे पण अतितीक्ष्ण काटे, दुसऱ्याला पुष्कळ काटे, आणि पुष्कळ काट्यांचा प्रकार श्रेष्ठ. दोन-तीन वर्षांच्या झाडास शस्त्राने छेद देऊन, विशेषतः शिशिर ऋतूच्या अखेरीस, दूध काढावे असेही तेथे म्हटले आहे. पुष्कळ काट्यांचा प्रकार म्हणजे मिनगुट आणि थोड्या काट्यांचा म्हणजे तीनधारी, असे समीकरण मांडण्याचा मोह होतो, पण मला ते पुरेसे सबळ वाटत नाही. संहिताकाराने काटे मोजले, धारा मोजल्या नाहीत. आणि ज्याची नजर शिशिराच्या अखेरीपर्यंत पोहोचली, त्याला तीनधारीच्या तीन ठळक धारा दिसल्या नसतील हे संभवत नाही. हिमालयाच्या पायथ्याशी वाढणाऱ्या आणखी एका थोराचाही विचार त्याच्यासमोर असू शकतो. आजच्या आयुर्वेदीय औषधकोशात मात्र स्नुही म्हणून मिनगुटालाच मान्यता आहे.

घरगुती उपयोगाची वहिवाटही मिनगुटाच्याच पारड्यात पडते, आणि त्याचे कारण उघड आहे. निखाऱ्यावर शेकलेल्या पानाचा रस कानदुखीवर किंवा खोकल्यावर देण्याची जी जुनी प्रथा, तिला पान लागते, आणि तीनधारीपाशी ते नाही. बंगालमध्ये मनसादेवीचे प्रतीक म्हणून ज्या झाडाची पूजा होते तेही पानांचे मिनगुटच. घरगुती औषधाबद्दल मी एवढेच म्हणेन की ज्या झाडाच्या दुधाविषयी चरकाने एवढी काळजी घेतली, त्याचा कोणताही भाग लहान मुलाला वैद्याच्या सल्ल्यावाचून देऊ नये.

मिनगुटाच्या दुधाचा ज्या उपयोगाने आधुनिक काळात पुनः विचार करावयास लावले तो म्हणजे क्षारसूत्र. भगंदर आणि मूळव्याध यांवर स्नुहीचे दूध व हळद यांनी माखलेले सूत बांधण्याचा उपाय अकराव्या शतकातील चक्रपाणिदत्ताने नोंदविला होता. पुढे तो जवळजवळ विस्मृतीत गेला. काशी हिंदू विश्वविद्यालयात 1960 नंतरच्या दशकात प्रा. पी. जे. देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सुताचे प्रमाण बांधून दिले. सुताला एकूण 21 लेप द्यावयाचे; पहिले 11 केवळ मिनगुटाच्या दुधाचे, पुढील 7 दूध आणि आघाड्याचा क्षार यांचे, शेवटचे 3 दूध आणि हळद यांचे; प्रत्येक लेप वाळल्यावरच पुढचा. दुधाचा चिकटपणा क्षाराला सुतावर धरून ठेवतो, क्षार दूषित मांस हळूहळू छेदीत जातो आणि हळद जखमेची निगा राखते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक रुग्णालयांत शस्त्रक्रियेशी तुलना करून केलेल्या चाचणीचे निष्कर्ष 1991 साली प्रसिद्ध झाले. क्षारसूत्राने बरे होण्यास वेळ अधिक लागतो, परंतु भगंदर पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण कमी राहते, असे त्यात दिसून आले. हे सूत तयार करणाऱ्यास सर्वांत मोठी अडचण येते ती दुधाचीच, कारण काढल्यावर ते लवकर दाटते आणि एकदा दाटले की सुतावर सारखे बसत नाही. म्हणून ज्या रुग्णालयांत हे काम चालते त्यांच्या आवारात मिनगुटाची हयात झाडे असणे हीच खरी तजवीज.

झाड लावण्यास कष्ट नाहीत. दोघांचीही हातभर फांदी कापून, दूध वाहणे थांबून जखमेवर कोरडी खपली धरेपर्यंत सावलीत उभी ठेवावी आणि मग पाणी न साचणाऱ्या मुरमाड जमिनीत खोचावी. ओली जखम तशीच मातीत गेली तर ती कुजते. शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या बागेत ही दोन्ही झाडे एकमेकांशेजारी, पण मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर लावली, तर आषाढात मिनगुटाचा पानांचा तुरा आणि वैशाखात त्याच्या उघड्या दांड्या, आणि त्या दोन्ही ऋतूंत न बदलणारा तीनधारी, हे सर्व एकाच वाफ्यात पाहावयास मिळेल; थंडीच्या अखेरीस पेले आले की साध्या भिंगाने पुंकेसराच्या दांडीवरचा सांधाही दाखविता येईल.